आर्णीची खाडी

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या गुरुजींना समुद्र आवडत नसे.

"समुद्र म्हंजे नुसता दिखावा," ते म्हणत. "जिकडं पाहा तिकडं पानीच पानी. त्याच्यात पाहाचं काय? खरा संसार खाडीत असते बाप्पा."

नव्या माणसाला वाटे, गुरुजींचं बालपण कुठल्या तरी बंदरावर गेलं असावं आणि रोजच्या मासळीला विटून ते आर्णीला येऊन राहिले असावेत. प्रत्यक्षात त्यांचा जन्म बोरी अरबचा, नोकरी आर्णीची आणि सासुरवाडी दिग्रसची. या तीन गावांच्या बाहेर ते एकदाच गेले होते, यवतमाळला, दाढ काढायला. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. खाडीही पाहिलेली नव्हती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नदी जिथं समुद्राला मिळते, आणि गोडं पाणी अन् खारं पाणी दिवसातून दोनदा एकमेकांच्या घरी जाऊन येतं, ती जागा म्हणजे खाडी. ही व्याख्या गुरुजींची. मी गणित शिकवायला नवीन लागलो होतो, वय तेवीस, आणि मला ती पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत न विचारता मिळाली. गुरुजी सहकाऱ्यांना नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. मी 'गणित'. कवायत घेणारे मास्तर 'ड्रिल'. हेडमास्तर कुठलाच विषय शिकवत नसल्यामुळे त्यांना हाक मारायची वेळ आली की गुरुजी नुसते खाकरत.

मी येण्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे छप्पन साली, राज्यांची फेरमांडणी झाली होती. तोवर आम्ही मध्य प्रदेशात होतो, चारी बाजूंनी जमीनच जमीन. एका सकाळी उठलो तर आम्ही मुंबई राज्यात. नागपूरची राजधानी गेली म्हणून गावात लोक हळहळत होते, कोणी वेगळा विदर्भ मागत होते, पारावर हातघाईपर्यंत गोष्टी गेल्या होत्या. त्या सगळ्या गदारोळात गुरुजी एकटे साखर वाटत घरोघर फिरले, असं मला किराणा दुकानवाल्या चाचांनी सांगितलं. चाचांनी विचारलं होतं, "गुरुजी, कायची साखर?"

"आपल्याले किनारा भेटला ना, चाचा! राज्याले किनारा हाय आता!"

"मंग त्या किनाऱ्याचं आपुन करावं काय?"

"काही करू नाई. त्याले तसंच राहू द्यावं," गुरुजी म्हणाले आणि पुढच्या घरी गेले.

या आनंदात एक अडचण होती. राज्याचा किनारा पश्चिमेला, आणि आमची अरुणावती निघते ती पैनगंगेला, वर्धेला, गोदावरीला भेटत थेट पूर्वेच्या समुद्राला. म्हणजे नदी एका खाडीची आणि सरकार दुसऱ्या खाडीचं. गुरुजींनी यावर तोड काढली होती. पूर्वेची खाडी हे माहेर आणि पश्चिमेची हे सासर. दोन्हीकडची तब्येत आपणच पाहायची.

तब्येत हा त्यांचा शब्द. वर्तमानपत्र आर्णीला एक दिवस शिळं येई. गुरुजी त्यातलं किनाऱ्याकडचं तेवढं वाचत. कुठं वादळ झालं, कुठं बंदरात गाळ साचला, की पेपर घडी करून ठेवत आणि उसासा टाकत, "तब्येत बरी नाई तिची." त्यांच्या घरच्या काकू मला एकदा म्हणाल्या होत्या, "लग्नाच्या पयल्या साली मी लय रडली. म्हटलं, हे कोनाच्या तब्येतीपाई झुरून राह्यले? मंग कळलं का ते बाई नाई, चिखल हाय. तेव्हा कुठं जेवली."

चिखलाला नावं ठेवलेली मात्र गुरुजींना खपत नसत. चिखलातच माशांची बाळंतपणं होतात, तिवरांच्या मुळांत त्यांची पिल्लं लहानाची मोठी होतात, आणि नदीनं वरून आणलेली सगळी घाण तो चिखल आपल्या पोटात घालून पुढं स्वच्छ पाणी सोडतो, असं ते सांगत. तिवरं म्हणजे खाऱ्या चिखलात उगवणारी झाडं. त्यांनी ती चित्रातच पाहिली होती, पण आपल्या शेताच्या बांधावर असल्यासारखे बोलत.

आता, वरची घाण म्हणजे कोणाची? आमचीच. त्यामुळे नदीवर धुणं धुणाऱ्या परटाला आठवड्यातून दोनदा बोलणं खावं लागे.

"काहून एवढा सोडा टाकून राह्यला रे? इथं तू सोडा टाकतं, तिकडं कोळंबीच्या डोयात जाते."

"गुरुजी, कोळंबी कुठं राह्यते?"

"राजमहेंद्रीच्या खाली, गोदावरीच्या तोंडाशी."

परीट मोठा समजूतदार माणूस होता. "ते लोक परीट ठेवत नाईत का?" असं त्यानं विचारलं, पण सोडा कमी केला. पोळ्याच्या दिवशी सारं गाव बैल धुवायला नदीत उतरे. तेव्हा गुरुजी धोतर खोचून मध्ये उभे राहत आणि शिंगांचा वॉर्निश पाण्यात धुऊ देत नसत. बैल त्यांना ओळखत. काही तर त्यांच्याकडे पाहूनच उलट फिरत.

शाळेत त्यांचा गाजलेला धडा म्हणजे घमेल्याचा. एका लोखंडी घमेल्यात ते चिखलाचा किनारा करत, काडक्या खोचून तिवरं लावत, एकीकडे अरुणावतीचं पाणी आणि दुसरीकडे खडेमीठ घातलेलं पाणी. त्यात नदीतले चार खेकडे सोडत, त्यांना 'रहिवासी' म्हणत. मग घमेलं एका अंगानं उचलायचं. "आली भरती!" वर्ग ओरडे. दुसऱ्या अंगानं उचललं की "गेली ओहोटी!" पलीकडच्या खोलीत माझा त्रैराशिकाचा तास चाले, त्याची दर मंगळवारी अशी वाट लागे. एकदा रहिवाशांपैकी एक हेडमास्तरांच्या टोपीत सापडला. हेडमास्तरांनी लेखी खुलासा मागवला. गुरुजींनी लेखीच दिला: 'रहिवासी ओहोटीच्या वेळी अन्नासाठी बाहेर पडतात. ती त्यांची वेळ होती.'

मी हसतो आहे खरा, पण तेव्हा मला त्यांचा रागही येई. तेवीस वर्षांच्या माणसाला स्वतःखेरीज दुसऱ्या कोणाचं वेड सोसत नाही. शिवाय सकाळची ती नाडीपरीक्षा.

उन्हाळ्यात अरुणावती वाहायची थांबते. मग लोक पात्रातल्या वाळूत हात-दोन हात खड्डा करतात, त्यात झिरपून स्वच्छ पाणी येतं. त्याला झिरा म्हणतात. गुरुजींचा स्वतःचा झिरा होता. भोवती दगड लावलेले, वर बाभळीच्या काट्यांचं झाकण. गावात त्याच्याइतकं नितळ पाणी दुसरं नव्हतं. रोज सकाळी शाळेच्या आधी ते तिथं जात, ओंजळभर पाणी तोंडात घेत, डोळे मिटून घोळवत, गिळत आणि वहीत लिहीत: 'गोड. बरी आहे.' ही वही ते आम्हाला मधल्या सुट्टीत वाचून दाखवत. तीस दिवस तीच ओळ. मी आणि ड्रिल मास्तर एकमेकांकडे पाहून कपाळाला हात लावत असू.

आणि मग ते परिपत्रक आलं. तालुक्यातल्या एका शिक्षकाला सरकारी खर्चानं कोकण किनाऱ्याच्या सहलीला नेणार, खाडीसुद्धा दाखवणार. कोणाला न्यायचं ते इन्स्पेक्टर साहेब वर्ग पाहून ठरवणार. गुरुजींनी परिपत्रक वाचलं, मग उभं राहून वाचलं, मग हेडमास्तरांच्या टेबलावरून उचलून खिशात घातलं. पंधरा दिवसांत घड्यांवर ते इतकं फाटलं की तारीख वाचता येईना. या एका माणसासाठी सरकारनं हे काढलं असावं अशी आमची सगळ्यांची खात्री होती. बावीस वर्षं ज्या खाडीवर तो बोलत होता ती पाहायची त्याची ही पहिली आणि शेवटची संधी, हे आर्णीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मलाही ठाऊक होतं. तरीही मी जे केलं ते केलं.

इन्स्पेक्टर बुधवारी येणार होते. आदल्या शनिवारी दिवस मावळायला मी आणि ड्रिल मास्तरांनी गुरुजींच्या झिऱ्यात पायलीभर खडेमीठ ओतलं. दुसरं काही मनात नव्हतं. वहीत एक दिवस 'खारट' लिहिलेलं पाहायचं होतं, बस. मीठ मी चाचांच्या दुकानातून आणलं. गुरुजींच्या घमेल्यासाठी नेहमीच मीठ जाई, त्यामुळे "गुरुजींना हवंय" म्हटल्यावर चाचांनी मान वर न करता मोजून दिलं. त्यांना वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या धाकट्या मुलीचा निकाह होता.

रविवारी सकाळी गुरुजी झिऱ्यावर गेले. आम्ही दोघं काठावरच्या झुडपामागं बसलो होतो. त्यांनी ओंजळ तोंडाला लावली, डोळे मिटले, आणि मग उघडले. परत एक ओंजळ घेतली. मग तो पन्नाशीचा माणूस कोरड्या नदीत धोतराचा सोगा धरून नाचू लागला. ड्रिल मास्तर जमिनीवर लोळून हसले. मी हसत होतो, तेवढ्यात गुरुजी गावाकडे धावत सुटले, आणि आम्हाला त्यांच्यामागे धावता येईना कारण आम्ही तिथं का होतो ते सांगावं लागलं असतं.

एक सांगायला हवं. गुरुजी येडे होते, पण अडाणी नव्हते. समुद्र चढून आर्णीपर्यंत येत नाही एवढं त्यांना कळत होतं. पण आमच्या वऱ्हाडात पूर्णेच्या काठी खारपाणपट्टा आहे, कोसच्या कोस विहिरी खाऱ्या. तिथले लोक सांगतात की पूर्वी इथं समुद्र होता. गुरुजींनी तेच सूत धरलं. पूर्णेला खारं पाणी, तर अरुणावतीला का नाही? आर्णीच्या खाली जुनी, बुजलेली खाडी आहे आणि ती आज जागी झाली, असं त्यांचं ठरलं. त्यांनी पोस्टकार्ड काढलं, इन्स्पेक्टर साहेबांना लिहिलं, 'आर्णी येथे खाडी सापडली. बुधवारी येताना बाटली आणावी,' आणि पेटीत टाकलं. मग ते निकाहाला गेले.

आता दुसरी गोष्ट. लेकीचं लग्न म्हणून चाचांनी गावातलं सगळ्यात चांगलं पाणी आणवलं होतं. पहाटेच माणसं लावून गुरुजींच्या झिऱ्यातून पिंप भरून घेतलं होतं. दिग्रसहून आलेल्या बावर्चीनं त्याच पाण्यात डाळ-मटणाचा दालचा शिजवला, भात शिजवला, आमच्यासारख्यांसाठी बिनमटणाचं वरण शिजवलं, आणि वर आपल्या हिशेबानं मीठ घातलं.

दुपारी पंगत बसली. पहिला घास गेला आणि मांडवात बोलणं थांबलं. दिग्रसची व्याही मंडळी भली. सगळे डोळ्यांत पाणी आणून चावत होते. एकटे गुरुजी आनंदानं जेवत होते. "चाचा," ते ओरडले, "खाडी तुमच्या वरनात आली!"

नवऱ्या मुलाचा बाप जिनिंगमध्ये मिस्त्री होता, आडदांड माणूस. त्यानं पानावरून हात उचलला. ज्या घरी पाहुण्यांना असं जेवू घालतात त्या घरची मुलगी न्यावी की नाही, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं दिसत होतं. चाचांचा चेहरा पांढरा पडला. बावर्चीनं पिंपातलं पाणी चाखलं आणि थुंकला. "मेरा क्या कसूर? पानीच खारा है!"

चाचा हळूच गुरुजींकडे वळले. काल गुरुजींसाठी पायलीभर मीठ गेलं ते त्यांना आठवलं. कोणी नेलं ते घाईत लक्षात नव्हतं, कोणासाठी नेलं ते होतं.

"गुरुजी, काल पायलीभर नमक तुमच्या नावानं गेलं. तुम्ही माह्या पोरीच्या शादीत…? इतने साल की दोस्ती में?"

गुरुजींनी विचार केला. त्यांना समजायला क्षणभर लागला, आणि ते समजताना मी पाहिलं. आपल्यावर आळ आल्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं.

"म्हंजे," ते म्हणाले, "खाली खाडी नाई?"

मला ते पाहवलं नाही. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "मीठ मी टाकलं." ड्रिल मास्तर माझ्या शेजारीच जेवत होते. मी वळून पाहिलं तर पानावर भात होता, मास्तर नव्हते.

मार मिळायला हवा होता. मिस्त्री उठलाही होता. पण गुरुजी मध्ये आले. माझ्यासाठी नव्हे, त्यांना एकदम काहीतरी सुचलं होतं. "खारं पानी गोडं करासाठी काय लागते? नदी लागते," ते म्हणाले. "बावर्ची, बिनमिठाची दाळ शिजव, भात शिजव. गणित, घागर उचल!"

दुपारच्या उन्हात वरच्या डोहापासून मांडवापर्यंत मी किती खेपा केल्या ते विचारू नका. चाचांनी ड्रिल मास्तरांनाही घरून ओढून आणवलं. गुरुजी चुलाणापाशी उभे राहून ताज्या डाळीच्या घागरी डेगीत ओतवत होते आणि दर घागरीला "आली भरती!" म्हणत होते. मिस्त्री आधी कपाळाला आठ्या घालून पाहत होता. चौथ्या भरतीला तोही ओरडला. संध्याकाळपर्यंत दालचा तिप्पट झाला आणि खाण्यासारखा झाला, पण तो संपेना. तेव्हा चाचांनी सारं गाव जेवायला बोलावलं. इतकं मोठं लग्न आर्णीत आधी झालं नव्हतं असं चाचा पुढं अभिमानानं सांगू लागले. मला मात्र वर्षभर त्यांनी मीठ विकलं नाही.

पंगत उठल्यावर गुरुजी माझ्याजवळ येऊन बसले. "गणित," ते म्हणाले, "पोस्टकार्ड गेलं ना रे."

आम्ही पोस्टमास्तरांच्या घरी गेलो. पेटीत पडलं ते सरकारचं, असं त्यांनी सांगितलं. गुरुजींनी खिशातलं परिपत्रक काढलं, पाहिलं, पुन्हा ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बुधवारी इन्स्पेक्टर साहेब आले. कोकणातले, खाडीकाठच्या गावचे, नव्या राज्यामुळे आमच्याकडे फेकले गेलेले. वाळलेले, करडे गृहस्थ. आर्णीच्या उन्हानं त्यांचं नाक सोललं होतं. ते मागच्या बाकावर बसले आणि गुरुजींनी घमेलं पुढं घेतलं. दर शब्दाला ते साहेबांकडे पाहत होते. पण चिखल लागला की त्यांचं भान जाई. दहा मिनिटांत ते साहेबांना विसरले. "आली भरती!" वर्ग ओरडला आणि मी दारातून पाहिलं, तर साहेब बाकावरून उठून घमेल्यावर वाकले होते.

"तिवरांच्या मुळाशी निवटे असतात," ते बारीक आवाजात म्हणाले. "ते राहिले."

"निवटे म्हंजे?"

"मासा. चिखलावर चालतो."

"चालते?" गुरुजींनी घमेलं खाली ठेवलं. "मासा चालते? पायानं?"

मग पाऊण तास गुरुजींनी इन्स्पेक्टर साहेबांची तपासणी घेतली. साहेब उत्तरं देत होते, फळ्यावर चित्रं काढत होते. मध्येच त्यांनी चष्मा पुसला. वर्षभर घरी गेलो नाही, असं म्हणाले. माझी खात्री पटली की काम झालं.

शेवटी त्यांनी खिशातून पोस्टकार्ड काढलं. "आणि हे काय?"

"ती चूक झाली, साहेब," गुरुजी म्हणाले. कोणाची ते सांगितलं नाही. मग मी आत गेलो आणि सांगितलं, झिरा, मीठ, लग्न, सगळं.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि हेडमास्तरांसमोर निकाल दिला. "सहल ही ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी आहे. या गृहस्थांना खाडी माझ्याहून जास्त ठाऊक आहे. ज्याला येतं त्याला शिकायला पाठवणं सरकारला परवडणार नाही. उलट हे गणिताचे मास्तर. लोकांच्या पिण्याच्या पाण्यात मीठ टाकतात. पाणी म्हणजे काय हे शिकण्याची गरज यांना आहे." आणि त्यांनी फॉर्मवर माझं नाव लिहिलं.

मी नको म्हणालो, विनवण्या केल्या. सरकारी शाई वाळली होती. गुरुजींना हुशार ठरवून घरी बसवलं आणि मला दोषी ठरवून समुद्र दाखवायला नेलं. इतका अन्याय इतक्या सरळ तर्कानं झालेला मी पुन्हा पाहिला नाही.

निघायच्या दिवशी गुरुजी मोटार स्टँडवर आले. "रडून कायले राह्यला? आर्नीतून कोनी तरी पाह्यली पाह्यजे," म्हणाले आणि चाळीस कलमांची यादी हातात दिली. तीन: भरतीचं पाणी येताना आवाज करतं का? सतरा: तिवरं तोडतात का? तोडत असल्यास काहून? बावीस: चिखल चाखून पाहावा, चिमूटभर. शेवटचं, चाळीसावं: मी विचारलं म्हणून सांगावं.

दारव्ह्याहून छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मुंबई, तिथून बोट. बोटीत मला उलटी झाली आणि ती सरळ पाण्यात गेली. वाकलेल्या स्थितीतच मी कोळंबीची माफी मागितली. शेजारचे सोलापूरचे मास्तर माझ्यापासून लांब सरकले.

खाडी पाहिली तेव्हा मी हसलो. सगळं घमेल्यातलंच होतं. फक्त मोठं होतं आणि उचलायला कोणी नव्हतं. मी यादी काढली आणि एकेक कलम तपासत चिखलात शिरलो. चिखल चाखला. निवटे पाहिले, खरंच चालत होते. वळणावर दोघं जण तिवरं तोडून होडीत भरत होते. काय झालं कळलं नाही, माझ्या तोंडून आर्णीच निघाली: "अरे बाप्पा, काहून तोडून राह्यले? माशाईचं बाळंतपन हाय न तिथं!" ते दोघं थांबले. मग जळणाला नेतो, तुझं काय जातं, असं म्हणून पुन्हा तोडायला लागले. काठावर एक कोळीण टोपली घेऊन उभी होती. ती म्हणाली, पूर्वी ही झाडं पार आतपर्यंत होती. आता कमी झाली, आणि कोळंबीही तशीच, बारीक आणि थोडी. मी सतरा नंबरासमोर ते लिहून घेतलं आणि मला खरोखर वाईट वाटलं. पायलीभर मीठ ओतताना वाटलं नव्हतं तेवढं.

राहिलं चाळीसावं. बाकीचे मास्तर पाहत होते. मी पाण्याकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणालो, "आर्णीच्या गुरुजींनी विचारलंय."

मास्तर मंडळी हसली. कोळीण हसली नाही. टोपली डोक्यावर घेत ती म्हणाली, "विचारतात कसले? स्वतः येऊन बघा म्हणावं."

परत आलो त्या संध्याकाळी गुरुजींच्या ओट्यावर बसून मी चाळीसही उत्तरं दिली. ते प्रत्येकाला डोळे मिटून मान हलवत होते. काकू चहा देऊन तिथंच बसल्या होत्या. तिवरांचं उत्तर त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मी विचारलं, "गुरुजी, एवढी ओढ होती तर इतक्या वर्षांत कधी स्वतःच का नाही गेलात?"

"भेव वाटे," ते म्हणाले. "बावीस सालं शिकवलं. गेलो अन् ते दुसरंच निंगालं, तं त्या पोराईले काय तोंड दाखवू? सरकारनं धाडलं तं इलाज नसते. आपल्या मनानं कसं जावं?"

"पण सगळं बरोबर निघालं. तुम्ही सांगता तसंच आहे. एक वास तेवढा…"

गुरुजींनी डोळे उघडले. "वास? कायचा वास?"

"खाडीचा. आधी कुजकट वाटतो. मग सवय होते. मग बरा वाटायला लागतो. सांगता येत नाही."

"वास असते?" ते काकूंकडे वळले. "ऐकलं का? वास असते म्हने. कोन्या पुस्तकात लेहेला नाई!" बावीस वर्षं कोणीतरी त्यांना फसवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मी मग कोळिणीचा निरोप सांगितला. त्यावर काकूच म्हणाल्या, "मंग जा न आता. ते बाई म्हनून राह्यली तं."

सोमवारी शाळेत गेलो तर घमेलं व्हरांड्यात पालथं होतं आणि गुरुजी आले नव्हते. मी हेडमास्तरांच्या खोलीत गेलो, तर ते एक अर्ज हातात धरून बसले होते. त्यांनी तो मला दाखवला. 'जवळच्या नात्यात आजारपण असल्यामुळे तब्येत पाहण्यास तातडीने परगावी जाणे भाग आहे. सात दिवसांची रजा मिळावी.'

"कोण आजारी आहे हो यांच्याकडे?" हेडमास्तरांनी काळजीनं विचारलं. "बावीस वर्षांत या माणसानं एक रजा घेतली नाही. फारच जवळचं आहे का कोणी?"

"फारच," मी म्हणालो.

"आणि तब्येत?"

मला ते दोघं आणि त्यांची होडी आठवली. "बरी नाही," मी म्हणालो. "पण हे गेले की तिला बरं वाटेल."

हेडमास्तरांनी चुकचुक केली. "मग सात दिवस कसे पुरतील?" असं म्हणून त्यांनी सातावर काट मारली, वर दहा लिहिलं आणि सही केली.